उरलेल्या तीन विहिरी

मांजर चावलं तेव्हा जाईबाईला आधी हसूच आलं. लग्नापासून उभी हयात अकोल्यात गेली, नवऱ्याला पोचवलं, लेकाला अमरावतीला बँकेत चिकटवलं, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, पण तिला चावायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. आणि हे मूठभर मांजर! चूक तशी मांजराचीही नव्हती. जाईबाई ओट्यावर बसून बशीत दूध ओतत होती, मांजर तिच्या मनगटाला डोकं घासत होतं, आणि नेमका गल्लीच्या तोंडाशी महानगरपालिकेचा ऑटो आला. ऑटोवर भोंगा. भोंग्यात ती नेहमीचीच बाई, जी मार्च आला की घरपट्टी भरा म्हणते आणि एरवी ओला कचरा, सुका कचरा म्हणते. ती एकदम खेकसली, "नागरिकांना कळविण्यात येते की," तसे मांजराचे केस उभे राहिले, ते हातभर वर उडालं आणि खाली येता येता जे तोंडाशी आलं त्यात दात रोवून पलंगाखाली पळालं. तोंडाशी आलं होतं जाईबाईचं मनगट.

भोंग्यातल्या बाईला त्याचं काय! ती आपल्या सुरात सांगत राहिली. या भागात पिसाळलेलं कुत्रं आढळलं आहे. घरातल्या कुत्र्या-मांजरांना शाळेच्या पटांगणात आणून लस टोचून घ्या, नोंद करा, गळ्यात बिल्ला बांधा. रस्त्यावरच्या कुत्र्यांना नेमून दिलेल्या जागीच खाऊ घाला. कोणाला कुत्रं-मांजर चावलं तर जखम साबणानं धुवा, लगेच दवाखाना गाठा आणि कळवा, चावणारा प्राणी निगराणीखाली ठेवण्यात येईल. एवढं सगळं बाई बोलली, पण जाईबाईच्या कानात उतरलं ते शेवटचंच. निगराणी. म्हणजे जाळीची गाडी. मागच्या गल्लीत तिनं पाहिली होती ती गाडी, आणि जाळीला नाक लावून बसलेली कुत्री. कोणाकडेच पाहत नव्हती ती, माणसं सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसतात ना, तशी बसली होती. जाईबाई उठली, डब्यातली हळद आणि पानाच्या चंचीतला चुना जखमेत भरला, वरून गेलेल्या नवऱ्याचा, किसनरावांचा रुमाल बांधला. मग वाकून पलंगाखाली म्हणाली, "झालं ते झालं. तू कोनाले सांगू नको, मी सांगत नाई." अंधारात दोन डोळे चमकले. ठरलं.

तसं ते मांजर तिचं नव्हतंच. किसनराव गेले, पाहुणे गेले, लेकाचं "आई, चाल अमरावतीले" आणि तिचं "पाहू" हेही दोन-चारदा होऊन गेलं, आणि एका दुपारी हे कुठूनसं आलं आणि सरळ किसनरावांच्या खुर्चीवर जाऊन बसलं. जाईबाईनं हाकललं नाही. खुर्ची रिकामी पाहून तिला रोज दुपारी उगाच कोणाला तरी रागवावंसं वाटायचं, तो राग काढायला कोणीतरी झालं. आणि मग एक दिवस तिनं त्याला गोष्ट सांगितली. तिच्या सासऱ्याचा बैल होता, त्याला इंग्रजी समजायचं. साहेब मोजणीला आला की बैल आधीच उठून उभा राहायचा. मांजरानं बरोबर जागेवर डोळे मिचकावले. गोष्ट सांगायला तोंड लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. कान लागतो, हे कान गेल्यावर कळतं. किसनराव मास्तर माणूस, सगळं आयुष्य तिच्या दर वाक्याला "खोटं!" म्हणत आले, आणि ते "खोटं!" हाच तिच्या गोष्टीचा हुंकार होता. ते "खोटं" थांबलं तेव्हा घरातलं सगळं खरं होऊन बसलं. पंखा खरा, भिंत खरी, दुपार तर फारच खरी. मांजर "खोटं" म्हणत नसे, पण ऐकत असे. एवढ्यावर तिचं भागत होतं. आणि आता हे न्यायला जाळीची गाडी येणार होती.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई भाजीची गाडी लोटत दाराशी आली. "हाताले काय झालं, जाईबाई?" जाईबाईनं तोंड उघडलं आणि नळाला पाण्याआधी हवा येते तशी गोष्ट आपोआप बाहेर आली. "मिरची चावली." "मिरची?" "हिवरखेडची होती व. उशिरा तोडली का दात फुटतात त्या मिरचीले. ह्या वरच्या कवळीच्या खुना, अन् ह्या खालच्या." माणिकबाई इतकी हसली की तराजूतली वांगी रस्त्यावर आली. "तुमचंच आयकावं बाप्पा!" म्हणत ती पुढच्या दाराशी गेली आणि तिथूनही हसू ऐकू आलं. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी करिश्मा, शिकवणीच्या क्लासवर गणित शिकवणारी पोरगी, जिना उतरता उतरता थांबली. तिच्यासाठी वेगळी गोष्ट, किसनरावांची. "पहाटे तुहे आजोबा आल्ते सपनात. मनगट धरून ओढून राह्यले, चाल म्हनते. मी म्हनलं, नळ येऊन जाऊ द्या, मंग येते. मेल्यावरबी पकड सैल झाली नाई त्या मानसाची." करिश्मा हसली. पण हसून झाल्यावरही रुमालाकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. फोनवर लेकाला, अनुपलाही मिरचीचीच गोष्ट मिळाली, दातांच्या संख्येत थोडी वाढ करून.

रुमालाखाली मात्र गोष्ट नव्हती. रुमालाखाली मनगट होतं आणि ते ठणकत होतं, चुन्यानं कातडी ओढली जात होती. हात कोपरापर्यंत जड वाटायचा, मग वाटायचं नाही, मग आपण लक्ष देतो म्हणून वाटतो असं वाटायचं. संध्याकाळी तिनं पाणी प्यायला गडवा उचलला. गडव्यातलं पाणी हललं. एवढंच, पाणी हललं. आणि तिचा घसा आत कुठेतरी मिटल्यासारखा झाला. ती तशीच उभी राहिली, गडवा हातात, ट्यूबलाइटचा तुकडा पाण्यात लांब होतोय, आखूड होतोय. मग तिनं गडवा खाली ठेवला, आवाज होऊ नये अशा बेतानं ठेवला, आणि चहा मांडला. आवाज होऊ नये याची सवय हाताला अजून होती! साठ वर्षं झाली, आणि हात विसरला नव्हता, की घरात गडवा वाजू द्यायचा नाही, दीपू निजला आहे.

धम्मदीप. गावात कोणाला ते नाव नीट म्हणता यायचं नाही. तिचं नाव जाई, जुन्या वळणाचं. पण हा भाऊ नागपूरच्या दीक्षेनंतर जन्मलेला, म्हणून बापानं गावकुसाबाहेरच्या वाड्यातलं पहिलं नवं नाव त्याला दिलं. घरात दीपू. गाव दर्यापूरच्या अलीकडचं, काळी जमीन आणि खारं पाणी. त्या पट्ट्यात दहा ठिकाणी खणावं तेव्हा एका ठिकाणी पिण्याजोगं पाणी लागायचं, आणि जिथं लागायचं ती जागा आपली नसायची. दीपूच्या पोटरीला पिसाळलेलं कुत्रं चावलं तेव्हा म्हाताऱ्या म्हणाल्या, सात विहिरी दाखवा. लेकराला सात विहिरींत डोकावू द्यायचं, सातही पाण्यांत त्याला स्वतःचं तोंड दिसलं की विष उतरलं. कुत्र्याचं दिसलं, तर काही खरं नाही. बापानं दीक्षेनंतर घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले होते. विहिरींचं मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही, की हेही त्याच टोपलीतलं आहे. त्यानं दीपूला खांद्यावर घेतलं. जाई मागे मागे. पहिली वाड्याची विहीर, खारी, आपलीच. दुसरी पाटलाच्या मळ्यातली, तिथल्या सालगड्यानं पाठ फिरवली आणि बिडी पेटवत म्हणाला, "मले काई दिसलं नाई." तिसरी नाल्यापलीकडची ढासळलेली, तळाशी परातीएवढं पाणी आणि चार बेडकं. चौथी दर्ग्याजवळची. तिथल्या म्हाताऱ्या मुजावरानं दीपूला कमरेला धरून वाकवलं, "देख ले बेटा, आराम से देख," आणि दीपूला खाली स्वतःचं तोंड दिसलं तेव्हा तो हसला. पाण्यातलाही हसला. जाईनं दोघांना पाहिलं.

पाचवी देवळापुढची. "पानी नाई भरत मालक. लेकराले निस्तं पाहू द्या," बाप म्हणाला. "पाह्यलं का सावली पडते पान्यात," काठावरून उत्तर आलं. बापानं दीपूला खांद्यावरून उतरवलं. त्याच्या पाठीचा कणा ताठ होताना जाईनं मागून पाहिला. आणि तिथून ती गोष्ट दीपूची राहिलीच नाही, विहिरीची झाली. सहावी तशीच, सातवी तशीच. मग बाप रोज जाऊन पायरीवर बसायला लागला. दर्यापूरला जाऊन चार मोठी माणसं घेऊन आला, पंचायत बसली, आवाज चढले, उतरले. बाप खरा होता. काय चुकलं त्याचं? सावलीनं पाणी बाटतं हे खोटं, आणि तो ते खोटं ठरवायला बसला होता. फक्त, ज्या गाडीनं तो दर्यापूरला जायचा तीच गाडी पुढे अमरावतीला जायची, अमरावतीला मोठा दवाखाना होता, दवाखान्यात पोटात टोचायच्या सुया होत्या. बाप त्या गाडीत दोनदा बसला, दीपू घरीच होता. किसनरावांनी हे तिला लग्नानंतर सांगितलं, चिडून सांगितलं, "विहिरीत काय असते? पानी. निस्तं पानी." तिला पटलं. डोक्याला पटलं, पायांना नाही. कारण तीन विहिरी शेवटी मिळाल्या होत्या. पंचायतीनं मान्य केलं, पाहू द्या पोराला. ती बातमी घेऊन बाप धावत घरी आला, त्याच्या तोंडावर असा उजेड तिनं पुन्हा कधी पाहिला नाही, आणि त्याच वेळी आईनं गडवा खाली ठेवला, गडवा वाजला, आणि आत खाटेवर दीपूचं अंग धनुष्यासारखं वाकलं.

त्याला पाणी दाखवता येईना. पाण्याचं नाव काढता येईना. दार लोटून घेतलं, वारा नको, उजेड नको. बाप अंगणात दोन हात मोकळे सोडून उभा, मिळालेल्या विहिरींचं काय करावं हे न समजून. तेव्हा जाई दाराच्या फटीशी बसली आणि तिनं उरलेल्या विहिरी तोंडानं दाखवायला घेतल्या. पाण्याचा थेंब नसलेल्या. पाचवी विहीर कापसाची, दीपू, काठोकाठ कापूस, उडी मारली का माणूस ढगात पडल्यासारखा पडतो. आतून श्वास ऐकू यायचा. सहावी पोपटांची, वाकून पाहिलं का हिरवंगार, अन् सगळे मिळून तुझं नाव घेतात, नीट घेतात, धम्मदीप, धम्मदीप, एकही चुकत नाही. आतून हसल्यासारखं काहीतरी आलं. मग सातवी. सातवी कशाची, हे तिला सुचायच्या आतच श्वास ऐकू यायचा थांबला. त्यानंतर ती आयुष्यभर सांगतच राहिली, बैल, मिरच्या, वाऱ्यानं उडालेली एसटी, काय वाट्टेल ते. लोक म्हणायचे, जाईबाईची जीभ मोठी फिरकीची.

घसा पुन्हा मिटल्यासारखा झाला तेव्हा तिनं अमरावतीला फोन लावला. "अनुप, मले मांजर चावलं रे." तिकडे टीव्हीत कोणीतरी हसत होतं. "हो का? किती मुंडक्यांचं होतं?" "एकाच." "मंग काय मजा आई! मिरचीले चांगले बत्तीस दात होते." आणि फोन तोंडापासून दूर धरून त्यानं बायकोला ओरडून सांगितलं, "दीक्षा, आयक, आता मांजर आलं गोष्टीत!" सून लांबून म्हणाली, "आईले म्हना, चित्ता तरी सांगा, मांजर काहून!" जाईबाईही हसली. मग काय करणार? "हो रे, आज नाई जमली," म्हणाली आणि फोन ठेवला. खुर्चीवरून मांजर तिच्याकडे पाहत होतं. पिसाळलं असेल? डोळे तसेच होते. की तसे नव्हते? इतके दिवस तिनं त्याचे डोळे पाहिलेच नव्हते, ते मिचकावतात तेवढंच पाहिलं होतं. तिला एकदम वाटलं, आपण मेलो तरी माणिकबाई म्हणेल, काय बाई, काहीही सांगते.

दुसऱ्या दिवशी नळ आला. अकोल्यात नळाचा दिवस म्हणजे घरात नवरदेव येण्याचा दिवस, जे भांडं रिकामं दिसेल ते दाराशी उभं राहतं, कारण पुन्हा कधी दर्शन होईल ते सांगता येत नाही. जाईबाईनं सगळं भरलं. आणि भरून झाल्यावर तिच्या हातांनी, तिला न विचारता, सात भांडी ओळीनं मांडली. गडवा, गंज, घमेलं, बकेट, परातीसारखं कोपर, पितळी गुंड, माठ. दुपार होती, गल्ली झोपली होती. ती दाराला पाठ करून उभी राहिली, किसनरावांचा फोटो भिंतीवर होता त्याच्याकडे न पाहता. आता हे खोटं म्हणा, ती मनात म्हणाली. म्हणा तर खरं एकदा. मग वाकली. गडव्यात तोंड मावेना, नुसता एक डोळा दिसला, पण तिचाच. गंजात हनुवटी. घमेल्यात तोंड थरथरत होतं, बकेटीत स्थिर, पांढरे केस, कपाळावरची शीर, सगळं माणसाचं. चार झाली. पुढे कोपर होतं, चांगलं रुंद, आणि तिचे पाय उचलेनात. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नळाच्या पाण्यापुढे, सगळे केस पिकलेली बाई, एका पावलाच्या अंतरावर थांबून राहिली, कोणीतरी "हट" म्हणेल म्हणून. तेवढ्यात खुर्चीवरून उतरून मांजर आलं, शेपटी वर करून तिच्या पायांमधून गेलं, कोपराच्या काठावर पुढचे दोन पाय ठेवून वाकलं आणि लपलप पाणी प्यायला लागलं. त्याची सावली सरळ पाण्यात पडली होती. त्याला कोण हटकणार! देवळापुढच्या विहिरीच्या हौदातही कुत्री-मांजरं प्यायचीच.

"आज्जी?" जिन्यावर करिश्मा उभी होती. क्लासला निघालेली, पर्स खांद्याला. तिनं जाईबाईला पाहिलं, मग ओळीनं मांडलेली भांडी पाहिली, आणि तिचे ओठ हलले. ती मोजत होती.

"मांजर चावलं," जाईबाई म्हणाली आणि हसण्याची वाट पाहू लागली.

करिश्मा हसली नाही. ती हिवरखेडची होती. तिच्या चुलत्याला लहानपणी असंच सात विहिरींवर फिरवलं होतं. त्याला चावलेलं कुत्रं धडधाकट निघालं, म्हणून तो वाचला, आणि घरचे अजून विहिरींना मान देतात. जाईबाईच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही हे तिला शिकवावं लागलं नव्हतं, सगळ्या गल्लीला ते माहीत होतं. पण सात भांडी कोणी खोटी मांडत नाही.

"कधी?"

"थो भोंगा आल्ता ना, त्या दिवशी."

"अन् तुमी मिरच्या सांगून राह्यल्या आमाले? चाल. चप्पल घाल. क्लास गेला खड्ड्यात." अहो-जाहो कुठे सुटलं हे तिलाही समजलं नाही. तिनं खिडक्या लावल्या, मांजराला आत ठेवून दाराला कडी घातली, आणि ऑटोला हाक मारली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कपाळावर आठी आणि बोलणं भराभर. "धुतलं होतं का साबणानं?" "हळद-चुना भरला." "आज्जी, चुना पानाला लावतात हो." त्यांनी तिचं मनगट नळाखाली धरायला लावलं, साबण लावून, बराच वेळ. पाणी मनगटावरून वाहत होतं, वाजत होतं. जाईबाईनं मान फिरवली, मग स्वतःच परत वळवली आणि त्या धारेकडे पाहत राहिली. घसा मिटला नाही. नुसतं पाणी होतं. मग जखमेच्या आजूबाजूला वेगळी सुई, ती झोंबली, तिच्या तोंडून शिवी निघाली आणि करिश्मा पहिल्यांदा हसली.

"मांजर कुठंय?"

"घरी. माह्या नवऱ्याच्या खुर्चीवर."

"तिथंच राहू द्या. दार बंद ठेवा आणि दहा दिवस लक्ष द्या, खातंय का, वागणं बदललं का. काही वेगळं वाटलं, मेलं किंवा पळालं, तर लगेच कळवा. हात लावू नका उगाच. ठीक राहिलं की त्यालाही लस द्या, बिल्ला बांधा."

"जाळीची गाडी नाई येत?"

"घरचं मांजर घरीच ठेवतात निगराणीखाली. तुमचंच आहे ना?"

हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही नाही. "माहंच हाय," जाईबाई म्हणाली, आणि आपला आवाज तिला अनोळखी वाटला, कारण त्यात वर काही लावलेलं नव्हतं.

मग दंडात सुई. मुंगी चावावी तशी, बस एवढीच. दीपूला हीच हवी होती? पोटातली, तेव्हाची, फार दुखायची म्हणत. पण हीच.

"अजून तीनदा यायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजची धरून चार."

जाईबाई उठता उठता थांबली. "चार?"

"हो."

"सात नाई लागत?"

"चारात होतं, आज्जी. पण चारही घ्यायच्या, मधेच सोडायचं नाही."

बाहेर बाकावर माणसं बसली होती, कोणाची पोटरी बांधलेली, कोणाचा हात. जाईबाई त्यांच्यामधून चालत गेली. दर्ग्याची विहीर, वाकलेला दीपू, खाली हसणारा दीपू. चार झाल्या होत्या की. साठ वर्षं ती त्या चार मोजतच नव्हती, उरलेल्या तीनच मोजत होती. चारातच झालं असतं. पण त्या चार विहिरींत नाही, त्या गाडीच्या पुढच्या टोकाला होत्या त्या चारांत. की तेव्हा चौदा लागायच्या? किसनरावांनी सांगितलं होतं, तिनं नीट ऐकलं नव्हतं. ऑटो निघाला. करिश्मा तिच्या तोंडाकडे पाहत होती, गोष्ट कधी निघते याची वाट पाहत, पण गोष्ट निघाली नाही. पूल गेला, बाजार गेला, माणिकबाईची गाडी गेली. माणिकबाईनं हात हलवून दात दाखवले, मिरचीचे.

घरात सातही भांडी तशीच उभी होती. मांजर खुर्चीवर गोल झोपलेलं, पोट वर-खाली होत होतं. जाईबाईनं दुरूनच पाहिलं, नीट पाहिलं, दहा दिवस पाहायचं होतं. मग पदर खोचला, चांगल्या हातानं कोपर ओढत न्हाणीपर्यंत नेलं आणि तिरपं केलं. पाणी भळाभळा गेलं. मग गुंड. मग माठ.

"आज्जी!" करिश्मा दारात ओरडली. नळाचं पाणी कोणी ओतून देताना अकोल्यात आजवर कोणी पाहिलं नसेल. "डोकं फिरलं का तुहं? नळ कधी येते माहीत नाई, अन् पानी काहून फेकून राह्यली?"

जाईबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर ती जुनी लबाड रेघ उमटली आहे असं करिश्माला वाटलं, म्हणून ती पर्स मांडीवर घेऊन उंबऱ्यावरच बसली, गाल हातावर टेकवला आणि म्हणाली, "हं. सांग."

"काई नाई व," जाईबाई म्हणाली. "जास्तीचं होतं."